आश्रमात दहा दिवस, एकटीने : निवड कशी करू, तयारी काय करू?

दुपारचा_चहा
मंडळी, सल्ला हवाय. पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

वय ५६, मुक्काम डोंबिवली. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गुडघे आता जिना दिसला की बोलायला लागतात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी ठीक. सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गाला तीन वर्षं जातेय. तिथे आसनं होतात आणि त्याहून जास्त गप्पा होतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात आठ-दहा दिवस कुठल्यातरी योगाश्रमात जाऊन राहावं असं मनात आहे. एकटीने. नवरा म्हणतो, "तिथे काय वेगळं करणार आहेस? इथेच पहाटे उठ." जाऊबाई म्हणतात, मार्गशीर्षातले गुरुवार कोण करणार? मुलगा मात्र उत्साही आहे, रोज एक लिंक पाठवतो. प्रत्येक लिंकमध्ये नदी, धुकं आणि एका पायावर उभी असलेली सडपातळ मुलगी. एकेकाळी त्या मुलीच्या वयाची असलेली माझी विद्यार्थिनी आता मुख्याध्यापिका आहे.

लोणावळा, इगतपुरी, नाशिक, ऋषिकेश, केरळ, मुंगेर… सगळी नावं ऐकून आहे. फरक कळत नाही. कुणी राहून आलंय का?

पावटा
ताई, पैसे देऊन पहाटे उठायचं, जमिनीवर बसून बिनकांद्याचं जेवायचं, वर स्वतःच झाडू मारायचा. हे सगळं माझ्या आजीकडे वेंगुर्ल्यात फुकट मिळत होतं. त्यात आंबे पण.

घाटावरची
पावटा, आजीकडे झाडू तू मारायचास का आजी?

दुपारचा_चहा ताई, नावांच्या आधी एक ठरवा. तुम्हाला उपचार हवेत, शिकायचंय, साधना करायचीय, की नुसतं घरातून सुटायचंय? शेवटचं कारणही चांगलं आहे, लाजू नका. पण चारही गोष्टींच्या जागा वेगळ्या, आणि सगळ्यांना आपण सरसकट ‘आश्रम’ म्हणतो, गोंधळ तिथेच होतो.

तुमच्या यादीतलं इगतपुरी म्हणजे धम्मगिरी असेल तर तो योगाश्रम नव्हे. ती विपश्यना, ध्यानाची एक पद्धत. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे ४ ची घंटा, साडेचारला ध्यान, सकाळी ११ ला जेवण. नव्या साधकाला संध्याकाळी ५ ला चहा आणि फळं, की संपलं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. आणि तिथे आसनं करायची नसतात, शिबिरापुरता तो सराव बाजूला ठेवायला सांगतात. शुल्क नाही, दान देता येतं ते शिबिर पूर्ण केल्यावरच. मी दोनदा जाऊन आलेय आणि पुन्हा जाईन, पण गुडघ्यांसाठी जात असाल तर पत्ता चुकलाय. खुर्ची मागितली तर देतात, तरीही दिवसाला दहा तास बसणं म्हणजे दहा तास बसणं.

पुण्याजवळच्या उरुळी कांचनचंही तसंच. १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम. तिथे योग आहे, पण मुख्य काम उपचाराचं. वजन, मधुमेह, पोटाच्या तक्रारी घेऊन लोक जातात.

नर्मदाकाठ
उत्तम प्रतिसाद, घाटावरची. थोडं मागे जातो, कारण निवड करताना परंपरा माहीत असली की बराच गोंधळ मिटतो.

गुजरातेत नर्मदेच्या काठी मालसरला परमहंस माधवदासजी होते. त्यांच्या दोन शिष्यांनी आपल्याकडचा आजचा योग घडवला. एक श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत द योगा इन्स्टिट्यूट काढली, जी आज सांताक्रूझला आहे. त्यांचा भर संसारी माणसाच्या योगावर. दुसरे आपले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. अमळनेरला शिक्षक होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिकही. या गृहस्थांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करणाऱ्याच्या पोटातला दाब यंत्राने मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरतो हे दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं. साधू म्हणून बसवलेला माणूस क्ष-किरण यंत्र घेऊन बसलाय, हे चित्र मला फार आवडतं.

तर लोणावळ्याचा पिंड अभ्यासकाचा. आसन सावकाश, जोर न लावता, स्थिर राहून.

ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांकडून दोन फांद्या फुटल्या. त्यांचे शिष्य सत्यानंद बिहारमधल्या मुंगेरला गेले आणि विष्णुदेवानंद परदेशी. विष्णुदेवानंदांनी १९७८ मध्ये केरळात नेय्यार धरणाच्या काठी आश्रम उभारला. तिथे ठरलेली बारा आसनं, ठरलेला क्रम. शीर्षासनापासून सुरुवात आणि त्रिकोणासनाने शेवट. मुंगेरच्या पद्धतीत याउलट सुरुवात पायाच्या बोटांपासून. पवनमुक्तासन मालिका म्हणतात तिला: बोटं, घोटा, गुडघा, मनगट, मान. दिसायला पोरकट, पण तुमच्या गुडघ्यांना तीच आधी शिकवा. मुंगेरला जायची गरज नाही, त्या पद्धतीचे शिक्षक इथेही मिळतात.

अवांतर: पुण्याची अय्यंगार संस्था (१९७५) अनेकांना आश्रम वाटते. तिथे राहायची सोय नाही. आमच्या एका नातेवाइकांनी वळकटी घेऊन रिक्षा थेट तिथे नेली होती.

पावटा
वळकटी! हसून हसून पुरेवाट.

अर्धपद्मासन
मी चुकीची जागा निवडून आलेली बाई आहे, म्हणून माझं ऐका. नाव लिहिणार नाही, विचारू नका.

उत्तरेतल्या एका नदीकाठच्या गावात गेले होते. संकेतस्थळावर अगदी दुपारचा_चहा ताईंच्या मुलाच्या लिंकसारखे फोटो. पोचल्यावर कळलं, की हे हॉटेल आहे आणि ‘आश्रम’ फक्त पाटीवर आहे. वर्गात बत्तीस जण. शिक्षक बावीस-तेवीस वर्षांचा, अंगाने रबर. दुसऱ्या दिवशी पश्चिमोत्तानासनात मागून येऊन त्याने पाठीवर भार दिला. मांडीच्या मागे काहीतरी चटकन झालं. पुढचे चार दिवस मी खोलीत, बर्फाची पिशवी घेऊन. पैसे परत नाहीत. नियम म्हणे आधीच लिहिलेला होता, आणि खरंच लिहिलेला होता, सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात.

आता मी कुठेही जाण्याआधी फोन करते. मेल नाही, फोन. उत्तर काय देतात यापेक्षा कसं देतात ते ऐकते. वर्गात किती जण असतात? शिकवणारं कोण, आणि किती वर्षं? माझ्या गुडघ्याला जमलं नाही तर काय करू? या प्रश्नावर "सब हो जाएगा मॅडम" असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवते. चांगल्या ठिकाणी उलट तेच चार प्रश्न विचारतात: कुठला गुडघा, किती दिवस, शस्त्रक्रिया झालीय का, गोळ्या कुठल्या.

"अमेरिकेच्या योगा अलायन्सची मान्यता" असं मोठ्या अक्षरात दिसलं तर हुरळू नका. ती तिकडची एक नोंदणी करणारी संस्था आहे, सरकारी परवाना नव्हे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, शिक्षकाकडे त्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारता येतं. आणि २०० तासांचा शिक्षक प्रशिक्षण वर्ग चुकून घेऊ नका. तो महिनाभराचा अभ्यासक्रम असतो, परीक्षेसकट. बऱ्याच जागी जाहिरात त्याचीच असते आणि विश्रांतीला आलेल्यांना त्याच वर्गात मागे बसवतात.

एकट्या बाईने आणखी एक बघावं. खोलीला आतून कडी आहे का, स्त्रियांचा विभाग वेगळा आहे का, आणि "मला हात लावून आसन सुधारू नका" हे म्हणायची मुभा आहे का. गुरुजींची खासगी भेट, खास दीक्षा, त्यासाठी वेगळी देणगी, असलं काही कानावर आलं तर पिशवी भरायची.

हाडं_आणि_बाडं
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोन शब्द. तपासल्याशिवाय सल्ला देऊ नये हे मान्य, पण ढोबळ सांगतो.

ताई, रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? मग शीर्षासन, सर्वांगासन आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत. तुम्ही पन्नाशीपुढच्या, निघण्याआधी डोळे तपासून घ्या. गुडघे दुखत असताना वज्रासनाचा हट्ट नको. मांडी घालताना बसायच्या जागी जाड घडीची चादर घ्या. कंबर गुडघ्यापेक्षा उंच आली की अर्धा त्रास जातो.

शुद्धिक्रियांबद्दल. जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुणं, शिकवतात, ती बहुतेकांना सोसते. पाणी उकळून कोमट केलेलं असावं आणि नंतर नाक नीट कोरडं करावं. शंखप्रक्षालन वेगळं. मिठाचं पाणी तांब्या तांब्या पीत जायचं, मधे ठरलेली पाच आसनं करायची, पोट पार धुऊन निघेपर्यंत. त्यानंतर तूप घातलेली मऊ खिचडी. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हर्निया यांपैकी काही असेल तर हात जोडून नाही म्हणायचं. बाजूची सत्तर वर्षांची आजी करतेय म्हणून आपण करायचं नाही. तिला रक्तदाब नसेल.

मधुमेही वाचकांसाठी: काही आश्रमांत दिवसाला दोनच जेवणं असतात, मधे आठ तास. गोळी किंवा इन्शुलिन त्या वेळांशी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे तिथे जाऊन नाही, निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून. साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात खडीसाखर ठेवा. कुणी नियम दाखवला तर माझं नाव सांगा.

पावटा
तुमचं नाव "हाडं आणि बाडं" सांगायचं का?

लेस्टरकर
परदेशी पारपत्रवाल्यांसाठी छोटी भर. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर अल्पकाळाचा योग कार्यक्रम चालतो, वेगळा व्हिसा लागत नाही. पण परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करणं राहायला देणाऱ्याचं काम असतं. जो आश्रम पारपत्र न बघताच खोली देतो तिथे बाकीचे नियमही तसेच असणार. माझे आई-बाबा, मी आणि माझी इंग्रज सून असे चौघं लोणावळ्याला राहून आलो. सुनेला दुधी भोपळा आवडला. आम्हाला अजूनही धक्का ओसरलेला नाही.

दुपारचा_चहा
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! वहीत उतरवून घेतलं. अर्धपद्मासन, तुझ्या पद्धतीने पाच ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी खरोखर "सब हो जाएगा" म्हणाले.

मुलाचा हट्ट केरळचा, आणि मलाही समुद्राकडेची गाडी हवीच होती. नेय्यार धरणाचा आश्रम ठरवतेय. त्यांची शिबिरं दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला सुरू होतात, मी १ डिसेंबरचं धरतेय. दिनक्रम मागवला. पहाटे ५:२० ची घंटा, ६ ला सत्संग, ७:३० ला चहा, ८ ला आसनं, १० ला जेवण. मग सेवा, दुपारी दीडला पुन्हा चहा, २ ला व्याख्यान, ३:३० ला आसनं, ६ ला जेवण, ८ ला सत्संग, १०:३० ला दिवे बंद.

सकाळी दहाला जेवण! आमच्याकडे तेव्हा कुकर लागतो. आता घरी तयारी काय करू?

घाटावरची
छान निवड. कागदावरचा हा दिनक्रम दिसला तरच आश्रम निवडावा असं माझं मत आहे. फोटो नाही, दिनक्रम. नवख्या माणसाला दिवसातून दोन वर्ग झेपतील का, मधे मोकळा वेळ किती, रात्री झोप किती मिळते, सगळं त्यातच असतं. तुम्हाला साडेसहा-सात तास मिळतील. घरी आठ तास झोपत असाल तर पहिले तीन दिवस डोळे मिटतील, आणि ते ध्यान नसेल.

तयारी महिनाभर आधी. रात्रीचं जेवण दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे आणा. रोज वीस मिनिटं जमिनीवर बसा, भाजी निवडायला बसा, पेपर वाचायला बसा. सत्संग दीड तासाचा असतो आणि लोक आसनांपेक्षा तिथेच जास्त विव्हळतात. आणि तुमचं नाव बघून सांगते: चहा कमी करा. किती कप?

दुपारचा_चहा
पाच. सहावा पाहुणे आले तर.

घाटावरची
तर मग आजपासून. दर आठवड्याला एक कप कमी. एकदम सोडलात तर दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकायला लागतं आणि माणूस आश्रमाला शिव्या देतो. मला पहिल्या विपश्यनेत वाटलं होतं, की हीच काय ती विकारांची उदीरणा, म्हणजे आत साचलेलं वर येणं. ते चहाचं डोकं होतं.

सामानात: सैल सुती सलवार-कुडते, खांदे आणि गुडघे झाकणारे, चार जोड पुरे. घोट्यापाशी बंद नसलेली चप्पल, दिवसातून तीस वेळा काढायची-घालायची असते. आपली चादर, टॉर्च, डासांचं मलम, छत्री, कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे. सामायिक खोली घेणार असाल तर कानात घालायचे बोळे. देवाशपथ सांगते, मुक्तीच्या मार्गात घोरण्याइतका मोठा अडथळा नाही.

पावटा
बोळ्यांना +१. हा सल्ला आश्रमात न जाणाऱ्या विवाहितांनाही लागू आहे.

अर्धपद्मासन
ताई, मोबाइलचं घरच्यांशी आधीच ठरवून ठेव. रात्री एकदा निरोप, बाकी बंद. नाहीतर गॅसचा नंबर कुठे लिहिलाय हे विचारायला फोन येतोच.

दुपारचा_चहा
(दोन महिन्यांनी)
मंडळी, जाऊन आले! १ ते १० डिसेंबर.

नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्याला पकडली. रत्नागिरीपर्यंत खिडकी सोडली नाही. पुढे डबा काळी वस्त्रं नेसलेल्या शबरीमलाच्या यात्रेकरूंनी भरला. ते एकमेकांना ‘स्वामी’ म्हणतात आणि तुम्हालाही. योग शिकायच्या आधीच मी स्वामी झाले. दुसऱ्या संध्याकाळी तिरुअनंतपुरम, रात्र तिथेच काढून सकाळी आश्रम.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. चहा मी पाचावरून दोनवर आणला होता, शून्यावर नाही. तेवढ्यानेही डोकं धरलं. माझा चहा साडेतीनचा. साडेतीनला नेमका आसनांचा वर्ग. शवासनात मला आमच्या ओट्यावरचं पातेलं दिसत होतं, वर येणाऱ्या सायीसकट. दीडचा चहा मिळतो हो, पण दीडचा चहा म्हणजे काही साडेतीनचा चहा नव्हे.

गुडघ्यांचं पहिल्याच दिवशी सांगितलं. नवशिक्यांचा वर्ग वेगळा होता. शीर्षासनाच्या वेळी मला शशांकासनात थांबवलं, तेही गुडघ्याखाली घडी देऊन. कुणी बळेच ढकललं नाही. हाडं_आणि_बाडं, तुमची जाड चादरीची युक्ती मी तिथे चौघींना शिकवली, एक जर्मन, दोन कोट्टयमच्या, एक नागपूरची. नागपूरची भेटली तेव्हा दोघी इतक्या मोठ्याने मराठीत बोललो, की मौनाची वेळ आहे याची आठवण करून द्यावी लागली.

सेवेत मला भाजी चिरायचं काम आलं. पंचवीस किलो कोबी असेल. घरी दहा माणसांचं करताना मी कुरकुर करते, इथे मात्र मजा वाटली. का, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक नंतर जेवण कसं झालंय हे कुणी विचारणार नव्हतं म्हणून. दहाचं जेवण तिसऱ्या दिवसापासून अंगवळणी पडलं, नऊलाच भूक लागायची. सत्संगात कीर्तनाची सुरुवात गणपतीपासून होते, तिथे मात्र आपला आवाज आपोआप चढतो. बाजूचा परदेशी मुलगा डोळे मिटून, तालावर, अगदी स्पष्ट संस्कृतात म्हणत होता. मी माझे ऱ्हस्वदीर्घ तपासायला लागले. शाळेची सवय.

एका पहाटे सत्संगाऐवजी आम्हाला मौनात धरणाच्या पाण्यापर्यंत चालत नेलं. धुकं होतं. एका पायावर उभी असलेली मुलगी नव्हती, पण एक बगळा होता.

घरी आल्यावर काय टिकलं, प्रामाणिकपणे: रात्रीचं जेवण साडेसातला, सकाळी वीस मिनिटं प्राणायाम, दिवसाला दोन चहा. आसनं आठवड्यातून चार दिवस. पहाटेची घंटा टिकली नाही. गुडघे जिन्यावर अजून बोलतात, पण आता कुजबुजतात. जाऊबाईंनी माझ्या वाटचा गुरुवारचा घट स्वतः मांडला होता, वर पुढच्या वेळी मलाही ने म्हणाल्या.

हाडं_आणि_बाडं
रक्तदाब मोजलात का आल्यावर?

दुपारचा_चहा
मोजला. आटोक्यात आहे, गोळी तीच आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करणार नाही, घाबरू नका.

पावटा
ताई, एक विचारू का? हसायचं नाही. पुरुषांची खोली वेगळी असते ना? आणि कोबी चिरता येत नसेल तर दुसरं काही काम देतात का?

दुपारचा_चहा
वेगळी असते. झाडू देतात. गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि नेत्रावती लवकर भरते. बोळे विसरू नकोस.